गैरहजर कोण, हे विचारणारा माणूस

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा खुली झाली. मधल्या काळात देवळातली आरती फोनवर आली, तशी चर्चची रविवारची उपासनाही आली. दारे उघडल्यावर माणसे परतली, पण स्टँडवरचा कॅमेरा जागचा हलला नाही. अनेक मेथॉडिस्ट मंडळ्यांत बायबल अभ्यास अजूनही झूमवर होतो, संडे स्कूलचे धडे व्हॉट्सॲपवर जातात, तरुणांसाठी इंग्रजी संभाषणाचे किंवा संगणकाचे ऑनलाइन वर्ग सुचवले जातात. दुसरीकडे त्याच चर्चच्या हॉलमध्ये महिलांची सभा, आरोग्य तपासणी, शिवणवर्ग, नाताळच्या आधीची कपडेवाटपाची धावपळ असे जुने उपक्रम चालू असतात. एकाच छपराखालच्या या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळखसुद्धा नसते. ऑनलाइनचे काम तरुणांकडे आणि हॉलची किल्ली ज्येष्ठांकडे, अशी वाटणी झालेली असते. ही फारकत चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि मेथॉडिस्टांच्या बाबतीत तर ती अधिकच चुकीची आहे. दुरून येणारे शिक्षण आणि शेजारच्या दहा-बारा माणसांचा गट यांची सांगड कशी घालायची, हे या पंथाने पावणेतीनशे वर्षांपूर्वीच करून पाहिलेले आहे.

ती सांगड पैशांच्या अडचणीतून जमली. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले अँग्लिकन धर्मगुरू जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनी ब्रिस्टल शहरात १७३९ साली ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह बांधायला घेतले आणि त्यावर कर्ज झाले. ते कसे फेडायचे यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी बैठक बसली. फॉय नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाने तोडगा सुचवला, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, अशी शंका निघाली. त्यावर तो म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन. अकरा ते आणि बारावा तो. अशा गटाला पुढे ‘क्लास’ हे नाव पडले. मराठी वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगायची गरज नाही, कारण आपल्या गावोगावच्या महिला बचत गटांची घडण अशीच आहे: दहा ते वीस बायका, ठरलेली छोटी रक्कम, ठरलेला दिवस. बचत गटात पैसे गोळा करता करता कोणाच्या घरी मारहाण होते, कोणाच्या मुलीचे नाव शाळेतून काढले, हे जसे आपोआप कळू लागते, तसेच ब्रिस्टलमध्ये झाले. पेनी मागायला दारात गेलेल्या माणसाला घरातले आजारपण, दारू, भांडण, रिकामी चूल दिसू लागली. त्याने ते येऊन वेस्लींना सांगितले. इतके दिवस आपण शोधत होतो ती व्यवस्था हीच, हे वेस्लींना उमगले. कर्जफेडीची युक्ती होती ती माणसांची काळजी घेण्याची रीत झाली.

याच्या पुढचा टप्पा मला आजच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सुरुवातीला गटप्रमुख घरोघरी जात असे. थोड्याच काळात ही पद्धत बदलून सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचे ठरले. त्याची कारणे वेस्लींनी स्वतः लिहून ठेवली आहेत. घरोघरी फिरण्यात प्रमुखाचा फार वेळ जाई, हे एक. दुसरे असे, की गटातली अनेक माणसे मालकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरात राहत. तिथे त्यांना असे भेटताच येत नसे. जिथे भेट होई तिथेही घरातली इतर मंडळी समोर बसलेली असत आणि माणूस मनातले बोलू शकत नसे. म्हणजे माणूस घरात असतो म्हणून तो तिथे मोकळा असतोच असे नाही, हे त्या काळातल्या मोलकरणींच्या आणि शिकाऊ कामगारांच्या अनुभवावरून लक्षात आले होते. आज आपण शिक्षण थेट घरात पोचवतो आणि तेवढ्यावर काम झाले असे समजतो. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या घरांतल्याही २६ टक्के मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो किंवा आधी भावाच्या हातात पडतो. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक, आजोबांचा खोकला आणि धाकट्याचे रडणे यांच्यात जी मुलगी कानात इअरफोन घालून वर्गाला बसते, तिला शिक्षकाने प्रश्न विचारला तर ती माइक बंदच ठेवते. तिला शिक्षण मिळाले, पण बोलायला जागा मिळाली नाही. ब्रिस्टलच्या लोकांनी अशा माणसांसाठीच घरापासून चार पावलांवर एक खोली शोधली होती.

वेस्लींच्या काळात मोठ्या सभेचे आकर्षण कमी होते असे नाही. त्यांचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड हे त्या शतकातले कदाचित सर्वांत प्रभावी वक्ते होते. उघड्या मैदानावर हजारोंना खिळवून ठेवत. वेस्लींना मैदानात बोलायला व्हाइटफील्ड यांनीच लावले. फरक पुढे पडला. वेस्ली प्रवचनानंतर माणसांची नावे घेत, त्यांना गटात बांधत आणि मगच पुढच्या गावी जात. १७६३ साली वेल्समधल्या पेम्ब्रोकशर भागात फिरताना त्यांनी रोजनिशीत नोंद केली, की जिथे वर्षानुवर्षे नुसती प्रवचने झाली आणि गट बांधले गेले नाहीत तिथे जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पुन्हा गाढ झोपले आहेत. ही नोंद वाचून मला आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी आठवते. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी सुरू केलेल्या ‘एडएक्स’ मंचावरच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे तीन टक्क्यांच्या आसपास होते. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत ते प्रमाण निम्म्याच्या जवळ जात होते. नुसत्या कुतूहलाने नाव टाकणाऱ्याला नापास धरणे योग्य नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि तीन टक्क्यांचा आकडा त्या बेताने वाचला पाहिजे. तरीही दोन आकड्यांतली तफावत काहीतरी सांगते: ज्याने स्वतःला थोडेसे का होईना बांधून घेतले, तो टिकला. पेनीचे काम हेच होते. गरिबाची पेनी दुसऱ्याने भरली तरी चालत होते, कारण महत्त्व रकमेपेक्षा दर आठवड्याला कोणीतरी ती मागायला येतो याला होते.

दूरशिक्षणाच्या इतिहासातही एक ठळक पाऊल मेथॉडिस्टांनीच टाकले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात शटॉक्वा नावाचे सरोवर आहे. जॉन व्हिन्सेंट हे मेथॉडिस्ट पाळक आणि लुईस मिलर हे ओहायोतले मेथॉडिस्ट उद्योजक यांनी १८७४ साली तिथे संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. १८७८ साली व्हिन्सेंट यांनी त्याला घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम जोडला. इतिहास, साहित्य, विज्ञान यांची पुस्तके आणि प्रश्नपत्रिका टपालाने येत. ज्यांना कॉलेजचे तोंड पाहायला मिळाले नाही अशा शिक्षिका, दुकानदार, शेतकऱ्यांच्या बायका यांनी नावे नोंदवली. पहिल्याच वर्षी ८,४०० हून अधिक. त्यांतल्या १,७१८ जणांनी १८८२ साली चारही वर्षे पूर्ण करून पदविका घेतली. रोजची कामे उरकून, दिव्याच्या उजेडात, चार वर्षे वाचत राहिलेल्यांचे हे प्रमाण पाचांत एक पडते. यामागचे कारण पुस्तकांच्या निवडीत शोधण्यापेक्षा मी ते त्या गावागावांतल्या वाचनमंडळांत शोधतो. टपालाने आलेले पुस्तक एकट्याने वाचायचे, पण ठरलेल्या संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा चर्चच्या खोलीत दहा जणांनी जमून त्यावर बोलायचे, अशी पद्धत होती. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही छापील पुस्तके घरी पाठवून हात झटकले नाहीत. तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रे काढली, समंत्रक नेमले. दूरशिक्षण जिथे जिथे टिकले तिथे त्याला जवळचा एखादा आधार होता.

मुंबईत मेथॉडिस्ट पंथ आला तोही घरांतून. अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर १८७१च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांनी इमारत उभारण्याआधी लोकांच्या घरी भरणारे छोटे गट बांधले. त्यांना ‘फेलोशिप बँड’ म्हणत. या गटांतून पुढच्या वर्षी मंडळी उभी राहिली. १८४८पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहिलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. बोवेन यांच्या नावाचे चर्च आजही दक्षिण मुंबईत आहे. उत्तरेत, लखनौच्या अमीनाबाद बाजारात इसाबेला थोबर्न यांनी १८७० साली एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली आणि तिचे पुढे महिला महाविद्यालय झाले. याच परंपरेतले ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ १९८१ साली स्वायत्त झाले. सामान्य वाचकासाठी सांगायला हवे, की हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियापेक्षा वेगळे आहे. अनेक पंथांच्या ज्या एकीकरणातून १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनले, त्यात हे चर्च सामील झाले नव्हते. मोठ्या शहरांत या पंथाच्या शाळा आहेत, जागा आहेत, हॉल आहेत. आरंभ मात्र प्रत्येक ठिकाणी एका खोलीने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांनी झाला.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. महाराष्ट्रातल्या कोणालाही ‘अभ्यासिका’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याच्या पेठांत एमपीएससीची तयारी करणारी हजारो मुले-मुली आहेत. त्यांची बहुतेक व्याख्याने फोनवर मिळतात, नोट्स टेलिग्रामवर मिळतात, चाचण्याही ऑनलाइन होतात. तरी ही मुले घरून आलेल्या तुटपुंज्या पैशांतून दरमहा एका खुर्चीचे भाडे भरतात, कारण शेजारी दुसरे कोणी मान खाली घालून अभ्यास करत असेल तर आपलीही मान वर होत नाही. ऑनलाइन शिक्षणाला काय कमी पडते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. चर्चचा हॉल सोमवार ते शनिवार बहुतांश वेळ कुलूपबंद असतो. तिथे पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि उपासनेच्या प्रक्षेपणासाठी घेतलेले इंटरनेटही आहे. त्या हॉलमध्ये संध्याकाळी बारा जणांचा गट बसावा. कोणी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम करील, कोणी दहावीचे बीजगणित, कोणी परिचारिकेच्या नोकरीसाठी इंग्रजी. विषय वेगळे असले तरी चालेल. प्रमुख एकच हवा, आणि त्याने विषय शिकवण्याची गरज नाही. तीन दिवस न दिसलेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘का रे, आला नाहीस?’ एवढे विचारणे हे त्याचे काम. याच गटाने महिन्यातून एकदा महिलांच्या सभेतल्या मावशींना बँकेचे ॲप कसे वापरायचे, पेन्शनचा हयातीचा दाखला फोनवरून कसा द्यायचा, ओटीपी कोणाला का सांगायचा नाही, हे शिकवावे. मग चर्चचा ऑनलाइन वर्ग आणि चर्चचा समाजोपयोगी उपक्रम ही दोन कामे राहणार नाहीत. ब्रिटनच्या मेथॉडिस्ट चर्चने स्थानिक उपदेशकांचे प्रशिक्षण याच धर्तीवर बेतले आहे. अभ्यासाचे साहित्य संकेतस्थळावर असते, पण प्रत्येक शिकणाऱ्याला आपल्या भागातला एक शिक्षक आणि एक मार्गदर्शक असतो.

यावर पहिला आक्षेप ज्येष्ठांचा आणि परदेशी गेलेल्यांचा येईल, आणि तो मनाला लागणारा आहे. ज्यांचे गुडघे चालत नाहीत, जे अंथरुणाला खिळले आहेत, जे दुबईत किंवा लंडनमध्ये नोकरी करतात, त्यांना हॉलमध्ये कसे आणणार? त्यांच्यासाठी तर प्रक्षेपण हाच आधार आहे. मी प्रक्षेपण बंद करा असे म्हणत नाही. ज्या पंथाच्या संस्थापकाने चर्चच्या भिंतींबाहेर प्रवचन करणे हे जवळजवळ पाप मानूनही, २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टलच्या वेशीवर मैदानात उभे राहून प्रवचन केले, त्या पंथाला माध्यमाची भीती शोभत नाही. ब्रिटिश मेथॉडिस्टांनी दूरस्थ प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाचा विधी पडद्यामार्फत करण्याला, आधी नकार दिला होता. २०२१च्या परिषदेने ते तीन वर्षांच्या प्रयोगासाठी मान्य केले. पण अंथरुणावरच्या आजीला पडद्यावरची उपासना पुरते का? उपासना संपते, पडदा काळा होतो आणि खोलीत पुन्हा ती एकटी उरते. तिच्या गटातल्या मुलीने आठवड्यातून एकदा जाऊन तिचा फोन चार्जिंगला आहे का, गोळ्या संपल्या का, एवढे पाहिले तर प्रक्षेपणाचेच मोल वाढेल. दुबईतल्या मुलालाही एखाद्या गटात नाव असावे. तो आईला भेटू शकत नाही, पण त्या मुलीला ओळखतो, तिला विचारू शकतो. लाखोंच्या वारीत चालणाऱ्या वारकऱ्याला तुम्ही कोण असे विचारले, तर तो आपल्या दिंडीचे नाव सांगतो. गर्दी कितीही मोठी असो, त्याचा पाण्याचा तांब्या आणि रात्रीचे अंथरूण कोणाच्या शेजारी, हे ठरलेले असते. पडद्यासमोरच्या गर्दीलाही अशा दिंड्या पाडता येतात.

मनुष्यबळ नाही, पाळकसाहेब आधीच थकलेले आहेत, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर सोपे आहे: गटप्रमुख हा कधीच पाळक नव्हता. तो चांभार होता, विणकर होता, खाणकामगार होता. आणि अठराव्या शतकात, जेव्हा बाईने सभेत बोलणे अनेकांना खपत नव्हते, तेव्हाही कित्येक गटांच्या प्रमुख स्त्रिया होत्या. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षिका आणि परिचारिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांना नाताळच्या कार्यक्रमात सत्काराच्या शालीपेक्षा बारा नावांची यादी दिली तर ते जास्त आनंदी होतील.

तिसरा आक्षेप इतिहासातूनच निघतो आणि तो मला मान्य आहे. जुन्या क्लासमध्ये माणसाची विचारपूस करता करता त्याच्यावर पाळतही ठेवली जाई. तीन महिन्यांनी प्रवेशपत्रिका मिळे आणि वागणूक पसंत नसेल तर ती नाकारली जाई. व्हॉट्सॲप गटावर कोण कधी ऑनलाइन होते, कोणी संदेश वाचून उत्तर दिले नाही, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, यांवर आज हेच घडू शकते, आणि तेही रात्री अकरा वाजता. म्हणून काही बंधने आधीच लिहून ठेवली पाहिजेत. गटात सांगितलेले गटाबाहेर जाणार नाही. हजेरी मदतीसाठी घेतली जाईल, दंडासाठी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत दोन मोठी माणसे कायम असतील आणि दार उघडे राहील. कोणताही मोठा माणूस मुलाशी फोनवर परस्पर, पालकांच्या नकळत बोलणार नाही. मुलांचे चेहरे दिसतील असे व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकले जाणार नाहीत. हे नियम भिंतीवर लावायचे आणि पाळायचे.

सर्वांत अवघड आक्षेप शेजाऱ्यांचा आहे. चर्चच्या हॉलमध्ये आपल्या मुलाला फुकट अभ्यासाला बोलावतात, यामागे काय आहे? हा संशय द्वेषातूनच येतो असे समजणे चूक होईल. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आणि धर्मप्रसार हातात हात घालून चालले, आणि त्या लोकांनी ते लपवलेही नाही. ज्या शाळांनी मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना पहिल्यांदा पाटी-पेन्सिल दिली त्यांच्याच वर्गात प्रार्थनाही होती. तो सगळा इतिहास एकत्रच स्वीकारावा लागतो. म्हणून आजच्या मंडळीने शेजाऱ्याला सोपे, तपासता येईल असे उत्तर दिले पाहिजे. अभ्यासिकेच्या वेळात प्रार्थना नाही, धार्मिक पुस्तके वाटणे नाही, उपासनेचे आमंत्रण नाही. प्रवेशाला धर्माची अट नाही आणि अर्जात धर्माचा रकाना नाही. वेळापत्रक, प्रमुखांची नावे आणि जमाखर्च दाराबाहेरच्या फलकावर. ज्या आईवडिलांना येऊन बसायचे असेल त्यांनी कधीही यावे. अभ्यासिकेच्या समितीत चाळीतले, वस्तीतले इतर धर्मांचे दोन-तीन लोक असावेत, त्यांतल्या एकाकडे किल्ली असावी. श्रद्धा ज्यांना प्रिय आहे अशा काही सभासदांना यात काहीतरी गमावल्यासारखे वाटेल. त्यांना मी एवढेच म्हणेन, की फॉयने ज्या गरिबाची पेनी भरली त्याच्याकडून त्याने परतफेड मागितली नव्हती. आणि ज्या मंडळीला हे नियम मनापासून पाळता येणार नसतील, तिने असा हॉल उघडू नये. अर्धवट हेतूने उघडलेली अभ्यासिका बंद हॉलपेक्षा वाईट.

बीजगणित आणि बँकेचे ॲप शिकवणे हे चर्चचे काम आहे का, असेही कोणी विचारील. संडे स्कूल हा शब्द ज्यांच्या तोंडी रोज आहे त्यांनी तो कुठून आला हे पाहावे. हॅना बॉल या मेथॉडिस्ट तरुणीने १७६९ साली इंग्लंडमधल्या हाय विकम गावात, आणि रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली ग्लॉस्टरमध्ये रविवारच्या शाळा काढल्या. आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या मुलांना सुट्टीच्या एकमेव दिवशी अक्षर ओळखता यावे, यासाठी अशा शाळा वाढल्या. बायबल हे तिथले वाचनाचे पुस्तक होते, पण शिकवायचे होते ते वाचन. पुढे वेस्लेयन पुढाऱ्यांनी रविवारी लेखन शिकवायला विरोध केला. कामगारांच्या मुलांना दुसरा दिवस मोकळा नव्हता हे त्यांना दिसले नाही. अशी चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. आज ज्याला फोनवरून अर्ज भरता येत नाही, त्याला शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, रुग्णालयाची नोंदणी, सगळ्यासाठी सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यावे लागतात. निरक्षरतेचे हे नवे रूप आहे आणि ते चर्चच्या दारात रोज उभे असते.

मंडळीच्या कमिटीवर असलेल्या सर्वांना विनंती आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतील. त्याआधीच्या बैठकीत ऑनलाइन उपासना किती जणांनी पाहिली हा आकडा बाजूला ठेवा. आपल्या ऑनलाइन वर्गांत आणि संडे स्कूलमध्ये असलेल्यांची नावे काढा, ती गल्लीप्रमाणे लावा, बारा-बारांच्या याद्या करा, प्रत्येक यादीला एक बाई किंवा एक माणूस नेमा, शेजारच्या वस्तीत फलक लावा, आणि सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते नऊ हॉल उघडा ठेवा.